जपानी लष्करी तलवारींची पारख

इ. स. १९३४ व १९३८ च्या नमुन्यांच्या जपानी अधिकाऱ्यांच्या तलवारी बाहेरून एकसारख्या भासतात. आंतील पातें मात्र बहुधा कारखानी, क्वचित् परंपरेनें घडविलेलें. पारख होते ती बांबूची खुंटी काढून, मुठींत दडलेल्या 'नाकागो' ह्या भागावरून. तेथें पुष्कळदां कारागिराचें नांव व मिति कोरलेली असते. १९३३ पासून १९४५ पर्यंत तोक्योच्या यासुकुनी देवस्थानांत तामाहागाने पोलादाचीं पातीं घडविणाऱ्यांच्या नांवांचा आरंभ 'यासु' ह्या अक्षरानें होई. 'शोवा' शिक्का असल्यास घडण पारंपरिक नव्हे. जपानांत आज परंपरागत पात्यांचीच नोंदणी होते. म्हणून नाकागोवरील गंज कदापि घासूं नये. पोथीची पुष्पिका खरवडावी तसेंच तें होय. काळाची साक्ष त्या गंजांतच असते.