पंधरा तारीख

सकाळी साडेआठ. चाकण एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात पहिली पाळी केव्हाच सुरू झालेली असते. लोडिंग, हाउसकीपिंग, कँटीन आणि सिक्युरिटी ही चार कामं कंत्राटदारांकडे आहेत. त्या माणसांचा पगार आमच्या पेरोलमध्ये येत नाही, पीएफही कंत्राटदारच भरतो. त्यामुळे पंधरा तारीख ऑफिसात बाकीच्यांना इतर दिवसांसारखीच. पण मागच्या महिन्याचा पीएफ आणि ईएसआयसी भरायची ती शेवटची मुदत, आणि कंत्राटदारांनी ते भरलं का हे बघणं माझं काम.

नऊ वाजता चारही फायली समोर घेते. चलनावरचा आकडा बरोबर दिसला म्हणून समाधान मानायचं नसतं. चलन तयार होणं वेगळं आणि पैसे जमा होणं वेगळं, म्हणून चलनावरचा टीआरआरएन नंबर टाकून पोर्टलवर आधी तेच तपासते. मग ईसीआर, म्हणजे नावानिशी भरलेलं विवरण, गेटच्या मस्टरशेजारी ठेवते आणि एकेका नावावर पट्टी सरकवत खाली जाते. कंत्राटदाराचं काम पाच कंपन्यांत असतं, चलन एकच असतं. तेच चलन पाचही ठिकाणी दाखवलं जातं. आपल्या गेटवर रोज येणारा माणूस त्यात आहे का, हे पट्टी सरकवल्याशिवाय कळत नाही.

लोडिंगच्या यादीत आज एका मुलाचं नाव आहे, पण पूर्ण महिना काम करून विवरणात दिवस निम्मेच. दुसऱ्याचा मूळ पगार कमी दाखवून उरलेली रक्कम भत्त्यांत टाकलेली. सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफमधून वगळता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. दोन्ही ओळींवर लाल खूण करते.

साडेअकराला लोडिंगच्या कंत्राटदाराचा फोन. ‘‘ताई, सर्व्हर डाऊन आहे, उद्या भरतो.’’ पंधरा तारखेला पोर्टल अडतं हे खरं. पण पगार सात तारखेला झाले, तेव्हा सर्व्हर चालू होता. थोडं ताणल्यावर मूळ कारण बाहेर येतं: ‘‘तुमचं मागचं बिल निघालं की लगेच भरतो.’’

दीड वाजता कँटीनमध्ये तोच लोडिंगचा मुलगा भेटतो, मूळचा बीडचा. मोबाइलवर उमंग ॲपमधलं पासबुक दाखवतो. पंधरा हजारांवर त्याचे १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये, पगारातून कापले जातात. तेवढेच मालकाच्या बाजूचे पडायला हवेत, त्यातले १,२५० पेन्शनकडे जातात. ‘‘मॅडम, स्लिपमध्ये कटिंग आहे, इथं दोन महिने काहीच नाही.’’ मी स्लिपचा फोटो घेते. घास घशाखाली उतरत नाही. त्याच्या पगारातून कापून घेतलेला पैसा दुसऱ्याच्या धंद्यात फिरतो आहे, आणि हे आमच्या छपराखाली चाललं आहे.

तीन वाजता अकाउंट्स आणि पर्चेसबरोबर मीटिंग. ‘‘तो कंत्राटदाराचा प्रश्न आहे, त्याचा स्वतःचा पीएफ कोड आहे,’’ असं पर्चेसचं म्हणणं. कोड असेल तर पीएफ खात्याने आधी कंत्राटदारालाच गाठावं, असं सांगणारे काही उच्च न्यायालयांचे निकाल आहेत. पण १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेचा परिच्छेद ३० मूळ मालकालाच, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीलाच, जबाबदार धरतो: कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगाराचीही दोन्ही वर्गण्यांची जबाबदारी त्याची. भरून टाका आणि कंत्राटदाराकडून वसूल करा. ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यातही तत्त्व हेच. काम बाहेर देता येतं, देणं बाहेर देता येत नाही. व्याज आणि दंड वेगळेच.

पण आज मला दुसरी बाजूही मांडायची असते, आणि ती कंपनीला बोचते. आपण सगळ्यांत कमी सर्व्हिस चार्ज सांगणाऱ्याला काम देतो, मग त्याचं बिल दोन-दोन महिने अडकवतो. पगार त्याने सातलाच द्यायचा, पीएफ पंधराला, आणि पैसे आपण देणार साठ दिवसांनी. या हिशेबात पहिला बळी पीएफचाच जातो, कारण पगार चुकला तर कामगार गेटवर उभा राहतो, पीएफ चुकला तर त्याला महिनोन्‌महिने पत्ताच लागत नाही. कंत्राटदाराची लबाडी मी झाकत नाही, पण तिला खतपाणी आपण घालतो.

चर्चा तापते. शेवटी ठरतं: बिलातला पीएफ-ईएसआयसीचा भाग आजच सोडायचा, बाकीची रक्कम मागच्या दोन महिन्यांचा भरणा आणि दुरुस्त ईसीआर आल्यावरच.

साडेसहाला भरणा झाल्याचा मेसेज येतो. टीआरआरएन पुन्हा तपासते. पैसे जमा. मागचे दोन महिने बाकी आहेत, ते उद्याच्या यादीत सगळ्यांत वर.

तुम्ही कंत्राटी कामगार असाल तर स्लिपवर विसंबू नका. यूएएनला, म्हणजे तुमच्या पीएफ क्रमांकाला, जोडलेल्या मोबाइलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, शेवटचा भरणा कधी झाला ते पाहा. नसेल झाला तर कंत्राटदाराबरोबरच ज्या कंपनीत काम करता तिच्या एचआरलाही लेखी विचारा. तो तुमचा हक्क आहे.