न कुजणाऱ्या घराची दुरुस्ती

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातल्या विनिपेग शहरात रे ओलेको नावाचा एक खटपट्या माणूस होता. फायबरग्लासची हलकी सेप्टिक टँक तयार करण्याचा उद्योग त्याने आधी केला होता. ती टाकी गंजत नव्हती, कुजत नव्हती आणि उचलायलाही सोपी होती. मग याच मालाचं छोटं घर करून ते मोटारीच्या मागे का जोडू नये, असं त्याच्या मनात आलं. फायबरग्लासच्या कामात मुरलेल्या सँडोर डुसा या सोबत्याला हाताशी धरून त्याने 1968 मध्ये एक ट्रेलर बाजारात आणला. इंग्रजांच्या गोल ‘बोलर’ टोपीसारखा दिसतो म्हणून त्याचं नाव ‘बोलर’. ओढायचा दांडा धरून लांबी 13 फूट आणि वजन हजार पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचारशे किलोंच्या आत. टेबल आणि बाकं अशी, की रात्री त्यांचाच पलंग व्हावा. शिवाय गॅसची शेगडी, बर्फ ठेवायची पेटी आणि एक चिमुकलं सिंक. तो ओढायला ट्रक लागत नव्हता, घरची लहान मोटार पुरत होती.

1988 पर्यंत सुमारे 10,000 बोलर तयार झाले. त्याच घराण्यातला ‘स्कँप’ अमेरिकेत मिनेसोटातल्या बॅकस गावी 1970 च्या दशकात सुरू झाला. कॅनडात ओंटारिओमध्ये ‘ट्रिलियम’ निघाला आणि 1983 मध्ये टेक्सासमधून ‘कसिटा’ आला. सामान हलवायच्या गाड्या भाड्याने देणाऱ्या ‘यू-हॉल’ कंपनीने 1980 च्या दशकाच्या मध्यात भाड्याने देण्यासाठी 13 फुटी फायबरग्लासचे ट्रेलर आणले. 2018 मध्ये बोलरची पन्नाशी साजरी करायला विनिपेगमध्ये शेकडो ट्रेलर जमले. संग्रहालयातून काढून आणलेल्या या वस्तू नव्हत्या. मालकांनी ते आपापल्या मोटारींच्या मागे ओढत आणले होते.

त्याच काळातले नेहमीच्या बांधणीचे ट्रेलर मात्र रस्त्यावर फार दिसत नाहीत. असं का, या प्रश्नाच्या उत्तरातच या ट्रेलरांच्या दुरुस्तीचं सगळं शास्त्र दडलेलं आहे.

सांधे आणि पाणी

नेहमीचा ट्रेलर म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. त्याला बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लायवूड आणि मध्ये उष्णतारोधक थर. पत्र्याच्या कडा कोपऱ्यांवर आणि छताच्या काठावर जुळतात. तिथे पट्टी, तिच्याखाली सील आणि तिच्यातून सांगाड्यात गेलेले स्क्रू. रस्त्यावर ट्रेलर सतत हादरतो, सील वाळतं आणि पाणी आत शिरतं. ते भिंतीच्या पोटात मुरतं, त्यामुळे दिसत नाही. आतल्या प्लायवूडवर डाग उमटतो तेव्हा लाकडाचा भुसा झालेला असतो.

ओलेकोने हा प्रश्न सील सुधारून नव्हे, तर सांधेच काढून टाकून सोडवला. बोलरचं कवच दोनच तुकड्यांचं असतं, वरचा अर्धा आणि खालचा अर्धा. ते कमरेच्या उंचीवर जोडलेले असतात आणि त्या जोडावरून बाहेरून एक पट्टा फिरतो. छताला शिवण नाही, कोपऱ्याला कोपरा नाही. गोलाई सौंदर्यासाठी आली हे अर्धंच खरं. पातळ कवचाला ताठपणा वक्रतेमुळे येतो, आणि वक्र पृष्ठभाग साच्यातून सुटतोही सहज.

साच्यातलं काम

काचेच्या बारीक तंतूंचा शोध योगायोगाने लागला. 1932 मध्ये ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाइस्ट हा तरुण काचेचे ठोकळे जोडायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेवर दाबाची हवा आली आणि काचेचे केसासारखे तंतू उडाले. 1938 मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी याच तंतूंसाठी स्थापन झाली. पुढच्या दशकात पॉलिएस्टर रेझिनची जोड मिळाली. 1942 मध्ये रे ग्रीन याने ओहायोतल्या टोलीडो शहरात फायबरग्लासची होडी केली आणि 1953 मध्ये शेवरोलेने कॉर्व्हेट मोटारीचं सगळं अंग याच मालात काढलं. पहिल्या वर्षी अशा 300 मोटारी तयार झाल्या. ओलेको या कामात आला तेव्हा होड्यांच्या धंद्यातली ही विद्या सर्वांच्या हाताशी आलेली होती.

पेणच्या कारखान्यात शाडूची मूर्ती साच्यात दाबताना ज्याने बघितली असेल, त्याला हे काम लगेच उमगेल: जे शेवटी बाहेर दिसणार, ते साच्यात सर्वांत आधी पडतं. आधी साच्याला मेण चोळतात. मग रंगीत जेलकोटचा साधारण अर्धा मिलिमीटरचा थर देतात. हाच पुढे ट्रेलरचा बाहेरचा, चमकणारा पृष्ठभाग होतो. त्यावर रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट, पुन्हा रेझिन, आणि हवेचे बुडबुडे काढायला रोलर. रेझिनमध्ये स्टायरिन असतं. त्यात एक-दोन टक्के हार्डनर पडला की रेणू एकमेकांना आडवे-उभे जखडले जातात आणि द्रव घट्ट होतो. ही जखडण कायमची असते. मेण किंवा पॉलिथिन तापवून पुन्हा वितळवता येतं, हा माल वितळवता येत नाही. तापवला तर जळतो. ही गोष्ट पुढे कामाला येणार आहे.

मग बिघडतं काय?

कवच कुजत नाही, पण कवचाला लावलेलं सगळं बिघडतं. पन्नास वर्षांचा बोलर किंवा स्कँप विकत घेणाऱ्याने रंग बघण्याआधी वाकून खाली बघावं.

पहिला ॲक्सल. या ट्रेलरांना पाट्यांची स्प्रिंग नसते. चौकोनी नळीत चौकोनी दांडा आणि त्यांच्यामध्ये रबराच्या वळ्या दाबून बसवलेल्या, अशी टॉर्शन ॲक्सलची रचना असते. चाक खड्ड्यात गेलं की दांडा फिरतो, रबर दबतं आणि धक्का विरतो. वीस-तीस वर्षांत रबर कडक होतं. ॲक्सलचा हात वर वळून तसाच राहतो, चाक कमानीत घुसलेलं दिसतं आणि प्रत्येक धक्का सरळ कवचापर्यंत जातो. रबर बदलता येत नाही, त्यामुळे पूर्ण ॲक्सलच नवा घालावा लागतो.

दुसरी चासी. ओढण्याचा दांडा कवचाखाली शिरतो त्या भागात लोखंडाला तडे जातात, ही बोलरची जुनी खोड आहे. तडा नुसता वेल्ड केला तर तो शेजारी उमटतो. तिथे जास्तीची पट्टी लावून ताण पसरवावा लागतो.

तिसरी जमीन. ती प्लायवूडची असते आणि कवचाला काचतंतूंच्या पट्ट्यांनी चिकटवलेली. खिडकीतून गळलेलं पाणी खाली जमिनीपर्यंत येतं. दाराजवळचा भाग अंगठ्याने दाबला तर लाकूड मऊ लागतं. जमीन म्हणजे नुसता पाय ठेवायचा भाग नव्हे. खालच्या अर्ध्या कवचाला तीच ताठ धरून ठेवते. ती सगळी एकदम कापली तर कवच सैल पडतं आणि दार चौकटीत बसेनासं होतं. दाराला कवचाचाच वक्र असतो, त्यामुळे चौकट थोडी हलली तरी फट दिसते.

हौशी माणसाचा हात इथेच पोळतो. आतली कपाटं उखडून मोकळी जागा करावी, मग निवांत काम करावं, असा बेत आकर्षक वाटतो. पण या ट्रेलरांची फायबरग्लासची कपाटं छताला आधार देतात. ती काढली की छत खाली येतं आणि परत बसवताना रिव्हेटची भोकं जुळत नाहीत. म्हणून आधी आतून टेकू लावावे, मोजमापं घ्यावी, आणि एका वेळी एकच बाजू उघडावी.

चौथी गोष्ट भोकं. कारखान्यातून निघालेल्या अखंड कवचाला माणसाने भोकं पाडली: खिडक्यांसाठी, छतावरच्या झरोक्यासाठी, कपाटं अडकवण्यासाठी. कपाटांचे रिव्हेट कवचाच्या आरपार जातात आणि बाहेर त्यांच्यावर प्लास्टिकच्या टोप्या बसवलेल्या असतात. टोपी उडाली, रिव्हेट ढिला झाला की थेंब आत येतो. नंतरच्या मालकांनी चांदव्याचे हूक, टीव्हीची वायर, सायकलचा रॅक असं करत भोकं वाढवलेली असतात. ट्रेलरचं वय वर्षांनी मोजण्यापेक्षा भोकांनी मोजलेलं बरं.

दुरुस्तीचा क्रम

क्रम खालून वर आणि बाहेरून आत. ॲक्सल, चासी, ब्रेक आणि टायर आधी. टायरच्या खाचा शाबूत दिसतात तेवढ्यावर जाऊ नये. त्यावर छापलेले चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. ट्रेलर वर्षभर उभा असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. मग जमीन, मग कवच, मग खिडक्या, मग वीज आणि गॅस. उशा-पडदे सर्वांत शेवटी. पडद्यांपासून सुरुवात करणाऱ्याचा ट्रेलर बहुधा अंगणातच राहतो.

कवचाची दुरुस्ती समजून घेण्यासारखी आहे. जुन्या जखडलेल्या रेझिनवर नवं रेझिन ओतलं तर ते रासायनिकदृष्ट्या त्याच्यात मिसळत नाही. ते फक्त खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं. म्हणून तड्याभोवतीचा भाग घासून उतार द्यायचा, तोही भरपूर: जाडीच्या बारापट लांब. मग ॲसिटोनने पुसायचं आणि लहान-मोठे मॅटचे थर चढवायचे. मूळ पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगली चिकटते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट धरत नाही, त्यामुळे वर रंग कोणता द्यायचा हे आधी ठरवावं लागतं. हार्डनर डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, आणि तो कोबाल्टच्या ॲक्सिलरेटरमध्ये थेट मिसळला तर स्फोट होऊ शकतो. चष्मा आणि हातमोजे हवेतच. कोकण किनाऱ्यावर फायबरच्या होड्यांचं काम करणाऱ्या कारागिराला यातलं काही नवं वाटणार नाही. मॅट, रेझिन, हार्डनर आणि रोलर, त्याचीही हीच सामग्री.

फिकट, खडूसारखा झालेला पृष्ठभाग बहुतेकदा वाया गेलेला नसतो. उन्हाने जेलकोटचा वरचा पापुद्रा मरतो. पाणी लावून बारीक कागदाने घासला, पॉलिश केला आणि मेण दिलं तर मूळ रंग वर येतो. पण अर्ध्या मिलिमीटरचा थर किती वेळा घासणार, याचंही भान हवं.

खिडक्यांच्या बाबतीत जाणकारांचा एकच जप असतो: सिलिकॉन नको. स्वस्त आणि सोपं म्हणून आधीचे मालक गळतीवर तेच फासतात. त्याचा अंश पृष्ठभागावर राहतो. त्यावर पुढे रंग धरत नाही, दुसरं सील धरत नाही, खुद्द सिलिकॉनही धरत नाही. खिडकीच्या ॲल्युमिनियम चौकटीखाली ब्युटिलची पट्टी घालावी. ती वर्षानुवर्षं मऊ राहते आणि चौकट काढायची वेळ आली तर सोडते. गॅसच्या नळीचा प्रत्येक जोड साबणाच्या पाण्याने तपासावा, आणि इतक्या लहान बंद जागेत शेगडी पेटवायची तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागतोच.

वजनाचा मोह

दुरुस्ती संपत आली की सुधारणेची हौस येते. छतावर एसी, जाड लाकडी फर्निचर, मोठी बॅटरी, पाण्याची टाकी. प्रत्येक वस्तू एकटी किरकोळ असते, सगळ्या मिळून नव्या ॲक्सलला आणि जुन्या चासीला जड होतात. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार मोटारीच्या हुकावर यावा लागतो. मागे सामान लादून तो कमी झाला तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. हलकेपणा हाच ज्याचा गुण, त्याला नटवताना तोच गुण जाऊ द्यायचा का? जुनं जसंच्या तसं राखावं की सोयीचं करावं, हा वाद जिथे हौशी माणसं भेटतात तिथे रंगतो. वजनकाट्यावर मात्र तो लवकर मिटतो.

टाकायचं कुठे?

रेणूंची जी कायमची जखडण कवचाला पन्नास वर्षं टिकवते, तीच त्याची विल्हेवाट अवघड करते. लोखंड वितळवता येतं, ॲल्युमिनियम वितळवता येतं, हा माल नाही. पवनचक्क्यांची पातीही काचतंतू आणि रेझिनचीच. अमेरिकेत वायोमिंगमधल्या कॅस्पर गावाच्या कचरा डेपोत ती कापून पुरली गेली आहेत. जर्मनीत असा माल चुरून सिमेंटच्या भट्टीत वापरतात. रेझिन जळून उष्णता देतं, काच सिमेंटमध्ये जाते. हा मार्ग चांगला आहे, पण त्यात ट्रेलरचा ट्रेलर उरत नाही. आपल्या किनाऱ्यावर आज पाण्यात असलेल्या फायबरच्या होड्यांनाही उद्या हाच प्रश्न विचारला जाणार आहे.

म्हणून या ट्रेलरांची दुरुस्ती ही फक्त जुन्या दिवसांची ओढ नाही. कवच मालकापेक्षा जास्त जगणार, हे एकदा मान्य केलं की कामाची पद्धतच बदलते. आपण करतो ती शेवटची दुरुस्ती नाही, पंचवीस वर्षांनी कोणीतरी पुन्हा हे उघडणार आहे. त्या माणसाला न तोडता उघडता आलं पाहिजे. मूळ ॲक्सल चासीला वेल्ड केलेला असेल तर नवा बोल्टने बसवावा. प्लायवूडच्या कडा रेझिनने बंद कराव्या, पण तुकडे वेगळे निघतील असे ठेवावे. नवं कपाट जुन्याच भोकांतून अडकवावं, नवं भोक पाडण्याआधी दोनदा विचार करावा. आणि वायरी कुठून कुठे गेल्या आहेत, याचा हाताने काढलेला नकाशा कपाटाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवावा, तारखेसकट.