पाव ग्रॅम लोह

भिलाईच्या कारखान्यात रेल्वेसाठी जे रूळ लाटले जातात, त्यांचं वजन मीटरला 60 किलो. तेच लोह पूर्ण दिवसांचं बाळ जन्माला येताना अंगात जेमतेम पाव ग्रॅम घेऊन येतं. त्यातलं बहुतेक गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून मिळालेलं असतं. ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधातलं लोह अंगी छान लागतं, पण लिटरमागे ते अर्धा मिलिग्रॅमही नसतं.

भिलाईहून फार लांब नसलेल्या रायपूरच्या माना छावणीत 1964 मध्ये पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले. निर्वासितांच्या पुनर्वसनासाठीच्या दंडकारण्य प्रकल्पातून पुढे अनेक कुटुंबं बस्तरात आणि मलकानगिरीत वसली, काही आपल्या महाराष्ट्रातल्या चामोर्शी-मुलचेऱ्याकडेही आली. छावणी कुठलीही असो, बाळाच्या लोहाची तूट आईपासूनच सुरू होते. शिधा तांदूळ-डाळीचा, त्यातलं लोह शरीर फारसं घेत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचं असलं तर शिदोरी आणखी लहान. वरचं अन्न म्हणून भाताची पेज किंवा गाईचं दूध मिळतं. लोह दोन्हींत नगण्य.

मग लोहाचं औषध पाजलं की झालं, असं वाटतं. पण इथेच खरी गंमत आहे. शरीरात जंतुसंसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्यातून रक्तात येणारं लोह अडवलं जातं. जंतूंनाही लोह लागतं, त्यांची उपासमार करण्याची ही युक्ती. दोन दिवसांच्या तापात ती शहाणपणाची ठरते. दाटीवाटीच्या वस्तीत ताप-खोकला पाठ सोडत नाही, तेव्हा लोह पोटात जातं, रक्तात फारसं पोचत नाही. टांझानियाच्या पेंबा बेटावर, मलेरियाच्या प्रदेशात, लहान मुलांना लोह व फॉलिक अ‍ॅसिड सरसकट दिल्यावर गंभीर आजार आणि मृत्यू उलट वाढले, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालं. बस्तरातही मलेरिया आहे. माझ्या मते तिथे मच्छरदाणी हासुद्धा लोहाच्या औषधाचाच भाग मानायला हवा.

छत्तीसगडमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणजे लोहच कमी, असं तिथे गृहीत धरता येत नाही.

अ‍ॅनिमिया मुक्त भारत योजनेत सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा 1 मिलिलिटर सिरप देतात. त्यात 20 मिलिग्रॅम लोह असतं. त्याच्याही आधीचा उपाय बाळंतपणाच्या खोलीतला आहे. नाळ बांधायला एक ते तीन मिनिटं थांबलं, तर वारेतलं रक्त बाळाकडे येतं आणि पुढच्या कित्येक महिन्यांचं लोह त्याला फुकटात मिळतं.