सामन्याचा आनंद आणि द्यूताचा मोह

अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉल हा साऱ्या गावाचा उत्सव असतो. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाचा संघ लास वेगसला खेळण्यास निघाला, की लाल-काळ्या पोशाखातील चाहतेही वाळवंटातून सुमारे पाच तासांचा प्रवास करून तेथे पोहोचतात. यजमान विद्यापीठाने १९९० साली ड्यूकला १०३-७३ असे नमवून राष्ट्रीय विजेतेपद मिळविले होते. अशा संघाला त्याच्याच घरी हरविण्याचे अप्रूप मोठे!

परंतु मैदानापासून थोड्याच अंतरावर जुगारगृहांची झगमग आहे. नेवाडा राज्यात १९३१ पासून जुगार कायदेशीर आहे, आणि २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर खेळांवरील सट्ट्याची वाट इतर राज्यांनाही मोकळी झाली. त्याचे परिणाम जुनेच आहेत. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजने १९५० साली दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी त्याच संघातील खेळाडूंनी सट्टेबाजांचे पैसे घेतल्याचे उघड झाले.

आपल्या शास्त्रांनी सप्तव्यसनांत द्यूताला प्रथम स्थान दिले, ते उगाच नव्हे. जोखीम व्यापारातही असते. पण तेथे माल असतो, श्रम असतात आणि घेणारा-देणारा दोघेही संतुष्ट होऊ शकतात. द्यूतात एकाचा लाभ हीच दुसऱ्याची हानी. शिवाय पैज लावणारा खेळ पाहतच नाही, केवळ गुणांचा फरक मोजतो.

परदेशी शिकणारा मुलगा अशा सामन्याला निघाला, तर त्याला आनंदाने जाऊ द्यावे. मात्र हा भेद त्याच्याशी आधीच मोकळेपणाने बोलावा. जुगारगृह आता त्याच्या खिशातील फोनमध्येही आहे.