ध्वनिकला : कानांचें एक नवें शिक्षण

पंचज्ञानेंद्रियांपैकीं डोळ्याचें जितकें कौतुक होतें तितकें कानाचें होत नाहीं. मुलाला फळ्यावरचें नीट दिसत नाहीं असें वाटतांच आपण त्याला चष्मा लावतों. पण तो ऐकतो किती, आणि ऐकलेल्यापैकीं त्याच्या मनांत शिरतें किती, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. चित्रकलेच्या तासाला छाया कोठें पडते, जवळची वस्तु मोठी व दूरची लहान कां दिसते, हें शिकवितात. नुसत्या ऐकण्याचा असा तास बहुतेक शाळांत नसतो. गायनाचा तास असतो हें खरें. परंतु गायन म्हणजे निवडलेल्या नादांचा व्यवहार. ज्या आवाजांच्या गराड्यांत आपण दिवसाचे चोवीस तास राहतों, त्यांच्याकडे लक्ष देण्यास तेथेंही सवड नसते.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न गेल्या शंभर वर्षांत ज्यांनीं केला त्यांत गवयांच्या बरोबरीनें चित्रकार व शिल्पकार होते, हें ऐकून वाचकांस नवल वाटेल. त्यांच्या या उद्योगास ध्वनिकला असें म्हणतात. आज अनेक देशांतील कलाशाळांतून विद्यार्थी रंग आणि माती यांच्याप्रमाणेंच आवाज हेंही एक साहित्य म्हणून हाताळतात. हा प्रकार काय आहे, तो कोठून आला आणि त्यांत शिकण्यासारखें काय आहे, हें या लेखांत थोडक्यांत सांगावयाचें आहे.

संगीत आणि ध्वनिकला यांतील भेद प्रथम लक्षांत घेतला पाहिजे. संगीताचा आरंभ स्वरापासून होतो. ध्वनिकलेचा आरंभ कोणत्याही आवाजापासून होऊं शकतो. गाडीचें चाक, पागोळ्यांचें पाणी, कुलुपाची कळ, माणसाचा खोकला, यांतील काहींच तिला वर्ज्य नाहीं. दुसरा भेद स्थळाचा. गाणें ऐकावयाचें तर श्रोता एका जागीं बसतो; ध्वनिकलेची कृति पुष्कळदां एखाद्या पुलाखालीं, जिन्यांत किंवा मोकळ्या दालनांत मांडलेली असते, आणि पुतळ्याभोंवतीं फिरावें तसा श्रोता तिच्याभोंवतीं फिरतो. म्हणूनच शिल्पकाराला ती आपली वाटते.

या विचाराचा उगम शोधीत गेलें म्हणजे इटलीतील लुइजी रुसोलो या चित्रकाराचें नांव प्रथम पुढें येतें. १९१३ सालीं त्यानें आपल्या एका संगीतकार मित्रास पत्ररूपानें एक जाहीरनामा लिहिला. यंत्रांच्या युगांत माणसाच्या कानांची भूक पालटली आहे, तेव्हां गडगडाट, फुत्कार, कुजबुज, करकर हे आवाजही कलेंत आले पाहिजेत, असें त्याचें म्हणणें होतें. तो बोलून थांबला नाहीं. लांकडी पेट्या, त्यांना पुढें कर्णे आणि बाजूला फिरविण्याचे दांडे, अशीं आवाज करणारीं यंत्रें त्यानें बनविलीं व १९१४ मध्यें मिलान शहरीं त्यांचा जलसा केला. श्रोत्यांनीं एवढा गोंधळ घातला कीं, यंत्रांचा आवाज कोणता आणि लोकांचा कोणता हें कळेना! त्या मूळ यंत्रांपैकीं आज एकही शिल्लक नाहीं.

रुसोलोला एक अडचण होती. आवाज हवेंत उमटतो आणि विरून जातो. मातीसारखा तो हातांत राहत नाहीं. ध्वनिमुद्रणामुळें ही अडचण दूर झाली. १९४८ सालीं पॅरिसमधील रेडिओखात्याचा एंजिनियर प्येर शेफर यानें आगगाडीच्या स्थानकावर जाऊन एंजिनांच्या शिट्ट्या, वाफेचे सुस्कारे आणि रुळांचा खडखडाट तबकड्यांवर टिपून घेतला, आणि त्यांचे तुकडे एकमेकांस जोडून एक रचना तयार केली. त्या वर्षीं ५ ऑक्टोबर रोजीं ती रेडिओवरून लोकांस ऐकविण्यांत आली. शेफरला एक मौजेची गोष्ट आढळली होती. घंटेच्या टोलांतील आरंभींचा ठोका काढून टाकला, तर उरलेला नाद घंटेचा वाटतच नाहीं. तो एखाद्या सुषिर वाद्याचा वाटतो. वस्तूची ओळख तिच्या पहिल्या स्पर्शांत किती सांठलेली असते, हें त्यावरून कळतें.

पुढें तबकडीच्या जागीं चुंबकीय फीत आली आणि हें काम फार सोपें झालें. चांगल्या यंत्रांत फीत एका सेकंदास १५ इंच या वेगानें सरकत असे. म्हणजे एका सेकंदाचा आवाज १५ इंचांची पट्टी होऊन अक्षरशः हातांत येई. ती पट्टी पात्यानें कापतां येई, दुसरीकडे चिकटवितां येई, किंवा दोन्ही टोकें जोडून तिचें कडें करतां येई. मग तोच आवाज पुनःपुन्हा फिरत राही. फीत निम्म्या वेगानें चालविली तर आवाज बरोबर एक सप्तक खालीं उतरतो आणि दुप्पट वेळ टिकतो. उलटी चालविली तर घंटेचा नाद आधीं हळूहळू वाढतो आणि शेवटीं ठोक्यासरशी तुटतो. कातर, डिंक आणि मोजपट्टी यांनीं आवाज घडवितां येतो हें पाहिल्यावर कलाशाळेंतील विद्यार्थ्यांस तो परका राहिला नाहीं.

या इतिहासांत आपल्या देशाचाही एक धागा आहे, आणि तो फार थोड्यांस ठाऊक आहे. अहमदाबादच्या साराभाई घराण्यांतील गीता साराभाई या विदुषी पखवाज वाजवीत असत. पाश्चात्य संगीत समजून घेण्यासाठीं त्या १९४६ मध्यें न्यूयॉर्कला गेल्या. तेथें जॉन केज या संगीतकारानें त्यांस शिकविलें आणि मोबदला म्हणून त्यांच्याकडून भारतीय संगीताचे विचार समजून घेतले. संगीताचें प्रयोजन काय, असें त्यानें विचारलें तेव्हां, मन शांत करून तें ईश्वरी प्रेरणेस ग्रहणक्षम करणें, हें आपल्या गुरूंकडून मिळालेलें उत्तर गीताबाईंनीं त्यास सांगितलें. केजनें तें आयुष्यभर स्मरणांत ठेविलें. १९५२ सालीं त्यानें एक रचना केली. तिच्यांत वादक चार मिनिटें तेहतीस सेकंद पियानोपाशीं बसतो, परंतु एकही स्वर वाजवीत नाहीं. पहिल्या प्रयोगाच्या वेळीं श्रोत्यांस बाहेरील वारा, छपरावरील पाऊस आणि स्वतःचीच चुळबुळ ऐकूं आली. पुष्कळांस ती थट्टा वाटली. परंतु शांतता कधीं रिकामी नसते, हा तिचा अर्थ.

त्या प्रयोगांतील वादक डेव्हिड ट्यूडर हा १९६९ मध्यें अहमदाबादेस आला. साबरमतीच्या कांठीं १९६१ मध्यें स्थापन झालेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन या संस्थेंत त्यानें विजेच्या यंत्रांची एक ध्वनिशाळा उभारून दिली. गीताबाईंचीं भावंडें गौतम व गिरा साराभाई हीं त्या संस्थेच्या चालकांपैकीं होतीं. या शाळेंत अमेरिकेंत बनलेलें मोग नांवाचें यंत्र होतें. त्यांत विजेच्या दाबानें स्वर उत्पन्न होई. दाब वाढविला कीं स्वर चढे, कमी केला कीं उतरे. जुन्या टेलिफोनच्या कचेरींत तारा जोडीत तशा येथेंही तारांनीं एक भाग दुसऱ्यास जोडावयाचा असे. हार्मोनियमप्रमाणें ठराविक पायऱ्याच नसल्यानें दोन स्वरांमधील अवकाशांतूनही सरकतां येई. मींड ऐकत वाढलेल्या कानांस ही सोय मोलाची होती.

तेथें स्वतः गीताबाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनीं रचना केल्या. एकीचें नांव ‘एकदां मीं तंबोरा वाजविला’ अशा अर्थाचें आहे, दुसरीचें ‘माझे पक्षी’ अशा अर्थाचें, आणि तिसरी २००१ सालच्या अंतराळयानाची कल्पना करणारी आहे! साधन परदेशी असलें तरी तंबोरा आणि पांखरें घरचींच होतीं.

पुढें हें काम थंडावलें आणि फिती संस्थेच्या संग्रहांत अनेक दशकें पडून राहिल्या. चुंबकीय फितीवरील लेप उष्ण व दमट हवेंत ओल धरतो, चिकट होतो आणि कालांतरानें सुटूं लागतो. त्याबरोबर आवाजही जातो. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानें त्या फितींचा शोध घेतला, त्यांतील आवाज नव्या साधनांवर उतरविण्यांत आला आणि १९६९ ते १९७२ या काळांतील निवडक रचना २०२३ मध्यें प्रसिद्ध झाल्या. आणखी कांहीं वर्षें कोणी लक्ष दिलें नसतें, तर भारतांतील या आरंभींच्या प्रयोगांचा मागमूसही कदाचित् राहिला नसता. जें जपलें नाहीं तें मुळीं झालेंच नाहीं असें पुढील पिढी समजते, हा यांतील धडा आहे.

आतां दोन कृतींचें वर्णन करितों. त्यांवरून या कलेची खोली ध्यानांत येईल.

अमेरिकन संगीतकार अॅल्विन लुसिये बोलतांना अडखळत असे. १९६९ मध्यें एका खोलींत बसून त्यानें कांहीं वाक्यें उच्चारलीं व तीं ध्वनिमुद्रित केलीं. मग तें मुद्रण त्याच खोलींत वाजवून पुन्हा मुद्रित केलें. तें पुन्हा वाजविलें, पुन्हा मुद्रित केलें. प्रत्येक खोलीस तिच्या लांबीरुंदीप्रमाणें कांहीं ठराविक नाद अधिक घुमविण्याचा गुण असतो. प्रत्येक फेऱ्यांत ते नाद बळावले आणि बाकीचे क्षीण झाले. अखेरीस शब्द विरघळले आणि नुसता खोलीचा मधुर गुंजारव उरला; त्यांत अडखळणेंही लोपलें. ज्या वैगुण्यास वर्गांतील मुलें हंसतात, त्यांतूनच एका माणसानें विज्ञान आणि करुणा या दोहोंची सांगड घालणारी कृति निर्मिली. आपल्या शेजारच्या बांकावरील अडखळणाऱ्या सोबत्याचें वाक्य पुरें होईपर्यंत थांबण्याचा धीर ज्यास येईल, त्याला ही कृति समजली असें मीं म्हणेन.

दुसरी कृति सूझन फिलिप्स या स्कॉटिश कलावतीची. तिचें शिक्षण शिल्पकलेंत झालेलें. बुडालेल्या प्रियकराविषयींचें एक जुनें स्कॉटिश शोकगीत तिनें कोणत्याही वाद्याच्या साथीवांचून स्वतःच्या साध्या आवाजांत गाइलें, आणि त्या गीताचे तीन पाठ ग्लासगो शहरांतील क्लाइड नदीच्या तीन पुलांखालीं लाऊडस्पीकरांवरून ऐकविले. खालीं पाणी, वर रहदारी, आणि मध्यें पाण्यांत गेलेल्या माणसाचें गाणें! या कृतीसाठीं तिला २०१० सालचें टर्नर पारितोषिक मिळालें. केवळ ध्वनीच्या कृतीस तें मिळण्याचा हा पहिलाच प्रसंग. त्या संध्याकाळीं शिक्षणावरील खर्च कमी करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध कलाशाळांच्या विद्यार्थ्यांनीं निदर्शनें केलीं आणि त्यांच्या घोषणा समारंभांत ऐकूं येत होत्या. पारितोषिक घेतांना तिनें त्यांस पाठिंबा दर्शविला. आवाज हें ज्याचें साहित्य, त्यानें दुसऱ्याचा आवाज ऐकलाच पाहिजे.

येथें पालकांची शंका रास्त आहे : “हें सारें ठीक, परंतु खडखडाट जमा करीत बसणें यास अभ्यास म्हणावयाचें काय?” सरळ उत्तर असें कीं, नुसतें जमा करणें हा अभ्यास नव्हे. आज प्रत्येक मोबाइल फोनमध्यें ध्वनिमुद्रणाची सोय आहे. त्यामुळें टिपणें सोपें झालें आणि निवडणें कठीण झालें. या नांवाखालीं पुष्कळ सुमार कामही होतें. चांगली कृति ओळखण्यास तीन प्रश्न पुरे आहेत. हाच आवाज कां घेतला, याचें उत्तर कर्त्यापाशीं आहे काय? जितका ठेविला त्याहून कमी ठेवून चाललें असतें काय? आणि ऐकून झाल्यावर आपल्या भोंवतालचें जग पूर्वीपेक्षां अधिक ऐकूं येऊं लागलें काय? तिसऱ्याचें उत्तर होकारार्थी असेल तर विद्यार्थ्याचा वेळ वायां गेला नाहीं. या शिक्षणाचा उपयोग चित्रपट, रेडिओ, नाटक आणि संग्रहालयें यांच्या कामांत होतोच. पण लक्ष देण्याची संवय ही त्याहून मोठी मिळकत होय.

आपली भाषा या अभ्यासास विशेष अनुकूल आहे. सळसळ, खळखळ, झुळझुळ, घणघण, किणकिण, टपटप, रिपरिप, कुजबुज, कुरकुर : पान, पाणी, धातू आणि माणूस यांच्या आवाजांचे किती सूक्ष्म भेद आपल्या पूर्वजांनीं कानानें पारखून शब्दांत सांठविले आहेत! आवाज ऐकूं येईनासे झाले म्हणजे हे शब्दही मागें पडतील.

तरी, विद्यार्थिमित्रहो, येत्या सुटींत एक प्रयोग करून पाहा. पहांटे किंवा तिन्हीसांजेस दहा मिनिटें डोळे मिटून बसा. कानांवर आलेला प्रत्येक आवाज मग वहींत लिहा. तो कोठून आला, जवळून कीं दुरून, एकदांच कीं पुनःपुन्हा, हेंही टिपा. त्यास योग्य शब्द शोधा. आठ दिवसांनीं पहिल्या व शेवटच्या दिवसाच्या याद्या ताडून पाहा. शेवटची बहुधा लांब भरेल, आणि ती कां लांबली याचा विचार करा. नंतर घरांतील आजी-आजोबांस त्यांच्या लहानपणीं ऐकूं येणारे आणि आतां न येणारे आवाज विचारा, आणि त्यांची अनुज्ञा घेऊन त्यांचें तें सांगणें त्यांच्याच आवाजांत मुद्रित करून ठेवा. त्यावर तारीख व नांव घालण्यास विसरूं नका, आणि एक प्रत दुसरीकडेही ठेवा.

अहमदाबादच्या फिती कोणीतरी शोधल्या म्हणून वांचल्या. घरांतील आवाजांचा शोध घेण्यास बाहेरून कोणी येणार नाहीं. तें काम तुमचेंच आहे.