दोंडाईच्याची जाळी आणि नेहमीच्या शस्त्रक्रिया

धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्यात डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांना जो प्रश्न पडला, तो ग्रामीण भागातल्या प्रत्येक सर्जनला पडत होता. जांघेतला हर्निया नुसते टाके घालून शिवला, तर बऱ्याच जणांत तो काही वर्षांनी पुन्हा बाहेर येतो. तिथे कृत्रिम जाळी बसवली तर दुरुस्ती टिकते. जाळी बाजारात मिळत होती, पण हमाली किंवा शेतमजुरी करणाऱ्याला तिची किंमत झेपत नव्हती. आणि ज्याचे पोट ओझी उचलण्यावर चालते, त्यालाच हर्निया सर्वांत जास्त नडतो. टोणगावकरांनी मच्छरदाणीच्या कापडाकडे पाहिले. त्या कापडाचा धागा कंपनीच्या जाळीच्या धाग्याच्याच कुळातला. ते धुऊन, कापून, निर्जंतुक करून पोटाच्या भिंतीत बसवता येईल का, हे त्यांनी आणि ठिकठिकाणच्या सहकारी सर्जननी करून पाहिले. २००३ साली ‘इंडियन जर्नल ऑफ सर्जरी’मध्ये या सगळ्यांचा एकत्रित अनुभव प्रसिद्ध झाला.

पण अनुभव कितीही प्रामाणिक असला तरी एक शंका उरतेच. हेच रुग्ण महाग जाळीने अधिक चांगले झाले असते का? याचे उत्तर मिळवायला दोन्ही जाळ्या एकाच वेळी, सारख्याच रुग्णांत वापराव्या लागतात आणि कोणाला कोणती मिळणार हे डॉक्टरच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकून ठरवावे लागते. हे काम झाले पूर्व युगांडात. ३०२ पुरुषांवर शस्त्रक्रिया झाली. निम्म्यांना भारतात तयार झालेली मच्छरदाणीची जाळी, निम्म्यांना कंपनीची. वर्षभराने मच्छरदाणीच्या गटात एकाचा हर्निया परत आला होता, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. लहानमोठ्या तक्रारींचे प्रमाण एका गटात ३०.८ टक्के, दुसऱ्यात २९.७ टक्के. म्हणजे फरक नाही. २०१६ साली हा निष्कर्ष ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. दुकानातून आणलेली कोणतीही मच्छरदाणी चालते, असा याचा अर्थ नाही. कापड कोणते, ते किती तापमानाला निर्जंतुक केले, हे सगळे आधी तपासलेले होते.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा इतिहासच सांगतो की नुसत्या अनुभवावर विसंबणे महागात पडते. इटलीतल्या पादुआच्या एदोआर्दो बस्सिनी यांनी १८८०च्या दशकात जांघेची भिंत थरांनी शिवण्याची पद्धत आणली. तिच्या वेगवेगळ्या आवृत्त्या जवळजवळ शंभर वर्षे जगभर चालल्या. प्रत्येक मोठा सर्जन आपल्या हातचे निकाल उत्तम असल्याचे सांगे. हर्निया परत आलेला रुग्ण दुसऱ्याच डॉक्टरकडे जाई, त्यामुळे पहिल्याला ते कळतच नसे. १९८०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या अर्व्हिंग लिक्टेनस्टाइन यांनी ऊती ओढून न शिवता वर जाळी अंथरण्याची पद्धत रूढ केली. मग दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली आणि लहान छेद म्हणजे अधिक चांगले, असे सर्वांनी गृहीत धरले. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत तुलना झाली तेव्हा २००४ साली जे दिसले ते अनेकांना रुचले नाही. दोन वर्षांत हर्निया परत येण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत ४.९ टक्के होते. ज्यांनी अशा अडीचशेहून अधिक दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यांचे निकाल मात्र चांगले होते. माझ्या मते सामान्य माणसाने लक्षात ठेवण्याची गोष्ट हीच. यंत्राच्या नावापेक्षा ते चालवणाऱ्या हाताची सवय अधिक मोलाची.

जाळीलाही दुसरी बाजू आहे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण दहातल्या एकाला जांघेत त्रासदायक दुखणे दीर्घकाळ राहते, आणि त्यात जाळीचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाही. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडा यांनी जाळीविना मार्ग शोधला. पोटाच्या बाहेरच्या स्नायूच्या पडद्याचीच एक पट्टी, तिचा रक्तपुरवठा न तोडता, मागच्या भिंतीवर शिवायची. २००१ साली त्यांनी ४०० रुग्णांवरचे काम युरोपातल्या नियतकालिकात मांडले. त्याची जाळीशी समोरासमोर तुलना झाली पोलंडमध्ये, २०८ रुग्णांत. तीन वर्षांनी दोन्ही गटांत दोघादोघांचाच हर्निया परत आला होता. दोंडाईच्याच्या कल्पनेची कसोटी युगांडात, पुण्याच्या कल्पनेची पोलंडमध्ये. हे मला मनापासून खुपते.

हर्नियाबद्दलचा सर्वांत धाडसी प्रश्न मात्र तंत्राचा नव्हता. फारसा त्रास नसेल तर शस्त्रक्रिया करायचीच कशाला? अमेरिकेत ७२० पुरुषांची दोन गटांत विभागणी झाली. काहींवर लगेच शस्त्रक्रिया, बाकीच्यांवर नुसते लक्ष. २००६च्या अहवालानुसार नुसते थांबलेल्यांत आतडे अडकण्याची घटना इतकी विरळ होती की हजार रुग्ण वर्षभर थांबले, तर दोघांच्याही बाबतीत ती घडेल असे म्हणता येत नाही. दोन वर्षांत २३ टक्के लोक आपणहून शस्त्रक्रियेकडे वळले. दहा वर्षांनी हा आकडा ६८ टक्क्यांवर गेला, आणि कारण बहुतेकांचे एकच, दुखणे वाढले. म्हणजे थांबणे सुरक्षित आहे, पण बहुतेकांना पुढेमागे टेबलावर जावे लागते. ज्याच्या मुलीचे लग्न दोन महिन्यांवर आहे किंवा सुगी तोंडावर आली आहे, त्याला यातला पहिला भाग फार उपयोगी आहे. इथे बोलतो आहे ते पुरुषांच्या, दुखत नसलेल्या जांघेच्या हर्नियाबद्दल. स्त्रियांत धोका वेगळा असतो, आणि अचानक घट्ट होऊन दुखू लागलेला, उलट्या सुरू करणारा हर्निया ही त्याच दिवसाची शस्त्रक्रिया आहे.

औषधाची परीक्षा घेणे तुलनेने सोपे. खऱ्या गोळीसारखी दिसणारी, औषध नसलेली गोळी देता येते. शस्त्रक्रियेत मात्र छेद घेतला की कोणता उपचार झाला ते रुग्णाला कळते. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या सर्जननी यावर युक्ती काढली. पित्ताशय दुर्बिणीने काढायचे की लहानशा छेदातून, याची चिठ्ठी त्यांनी रुग्ण टेबलावर असताना काढली आणि नंतर दोन्ही गटांतल्या सर्वांच्या पोटावर सारखीच पट्टी बांधली. कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णाला ठाऊक नाही. २०० रुग्णांच्या या अभ्यासात, १९९६ साली, रुग्णालयात राहण्याचे दिवस दोन्हींकडे सारखेच निघाले, आणि दुर्बिणीला वेळ अधिक लागला. तोवर उशीर झाला होता. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूए यांनी दुर्बिणीने पहिले पित्ताशय काढले होते, १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी भारतातली तशी पहिली शस्त्रक्रिया केली होती, आणि नीट तुलना होण्याआधीच ही पद्धत जगभर पसरली होती. सुरुवातीच्या वर्षांत पित्तनलिका कापली जाण्याचे अपघात वाढले, ही त्या घाईची किंमत. आज ही पद्धत रूढ झाली आहे आणि तिचे गुणही खरे आहेत. तरी ज्या तालुक्यात दुर्बीण नाही, तिथे लहान छेदातून नीट काढलेले पित्ताशय म्हणजे दुय्यम उपचार, असे रुग्णाला सांगू नये.

पित्ताशय सुजून ताप आला असेल, तर आधी औषधांनी थंड करून महिन्याभराने काढायचे, अशी जुनी रीत होती. जर्मनीतल्या ६१८ रुग्णांच्या २०१३च्या अभ्यासाने ती मोडली. चोवीस तासांत शस्त्रक्रिया झालेल्यांत गुंतागुंत ११.८ टक्के, थांबवून ठेवलेल्यांत ३४.४ टक्के. उलट, अधूनमधून पोटशूळ देणाऱ्या पित्ताशयातल्या साध्या खड्यांबाबत ब्रिटनमधल्या ४३४ रुग्णांच्या अभ्यासाने, २०२३ साली, दीड वर्षापर्यंत वाट पाहणाऱ्यांचे दुखणे काही अधिक नव्हते असे दाखवले. त्यांतल्या फक्त २५ टक्क्यांना तोवर शस्त्रक्रिया लागली होती. हा निष्कर्ष आपल्याकडे जसाच्या तसा लावणे मला धोक्याचे वाटते. गंगेच्या खोऱ्यात पित्ताशयाचा कर्करोग जगातल्या बहुतेक भागांपेक्षा जास्त आढळतो. ब्रिटनमधल्या रुग्णाचा धोका आणि पाटण्याहून मुंबईत कामाला आलेल्या बाईचा धोका एक नाही.

आता अपेंडिक्स. १८८६ साली बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी हा आजार ओळखून तो लवकर कापून काढावा असे मांडले, आणि पुढची शंभर वर्षे अपेंडिक्स सुजले म्हणजे ऑपरेशन, यावर फारसा कोणी प्रश्न विचारला नाही. फिनलंडमध्ये तो नीट विचारला गेला. २००९ ते २०१२ या काळात ५३० रुग्ण निवडले; सर्वांचे सीटी स्कॅन झाले आणि अपेंडिक्स फुटलेले नाही, त्यात खडा नाही, याची खात्री करूनच त्यांना घेतले. निम्म्यांचे अपेंडिक्स काढले, निम्म्यांना तीन दिवस शिरेतून आणि सात दिवस तोंडाने प्रतिजैविके दिली. वर्षभरात औषधाच्या गटातल्या २७.३ टक्क्यांना शस्त्रक्रिया करावी लागली. संशोधकांनी आधीच लिहून ठेवले होते की हा आकडा २४ टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. म्हणून औषध शस्त्रक्रियेच्या तोडीचे आहे असे सिद्ध झाले नाही, हा त्यांनी स्वतःच जाहीर केलेला निकाल. पण रुग्णाच्या बाजूने पाहा. चारातल्या जवळजवळ तिघांची शस्त्रक्रिया वर्षभर तरी टळली, आणि ज्यांना नंतर करावी लागली त्यांचे त्या उशिराने मोठे नुकसान झाले नाही. पाच वर्षांनी अपेंडिक्सचा त्रास परत होण्याचे प्रमाण ३९.१ टक्के झाले.

अमेरिकेतल्या १५५२ रुग्णांच्या २०२०च्या अभ्यासाने अधिक मोकळा दरवाजा ठेवला, खडा असलेल्यांनाही घेतले. तिथे नव्वद दिवसांत औषधवाल्यांपैकी २९ टक्क्यांचे अपेंडिक्स काढावे लागले. खडा असणाऱ्यांत ४१ टक्के, नसणाऱ्यांत २५ टक्के. सीटीवर दिसणारा तो लहानसा खडा निर्णय बदलतो, हे त्यातून पक्के झाले.

माझे मत असे. पुण्यात राहणाऱ्या, सीटी झालेल्या, पुन्हा दुखले तर रात्री अर्ध्या तासात रुग्णालय गाठू शकणाऱ्या माणसापुढे दोन्ही पर्याय ठेवलेच पाहिजेत. मेळघाटातल्या किंवा भामरागडच्या माणसाला, ज्याला पावसाळ्यात नाले ओलांडून यावे लागते, तोच पर्याय घातक ठरू शकतो. आणि सीटी न करता पोटदुखीवर औषधाच्या दुकानातून प्रतिजैविके आणून खाणे म्हणजे या अभ्यासांचे पालन नव्हे.

मूळव्याध आणि भगंदर यांच्या रुग्णांची तर सर्वांत जास्त फसवणूक होते, लाजेमुळे. जाहिरातींत स्टेपलर आणि लेझरचा गाजावाजा असतो. ब्रिटनमध्ये मूळव्याधीच्या ७७७ रुग्णांत स्टेपलरची तुलना जुन्या कापून काढण्याच्या पद्धतीशी झाली, तेव्हा दोन वर्षांच्या हिशेबात जुनी पद्धत सरस ठरली. भगंदराच्या क्षारसूत्राची, म्हणजे औषधी लेप दिलेल्या धाग्याची, परीक्षा मात्र आपल्याच देशात, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने घेतली. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभराने भगंदर परत येण्याचे प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के होते. जखम भरायला मात्र चार आठवड्यांऐवजी आठ लागले. आयुर्वेदाचा उपचार, आधुनिक कसोटी, आणि फायद्यासोबत तोटाही स्पष्ट लिहिलेला. अशी उदाहरणे आणखी का झाली नाहीत?

अलीकडचे एक काम मात्र आशा देते. पोटाची शस्त्रक्रिया संपवून जखम शिवण्याआधी हातमोजे आणि उपकरणे बदलली, तर जखमेत पू होणे कमी होईल का? इतका साधा प्रश्न भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३,३०१ रुग्णांवर तपासला गेला. २०२२चा निकाल असा की जंतुसंसर्ग १८.९ वरून १६ टक्क्यांवर आला. त्याआधी अशाच देशांतल्या ५,७८८ रुग्णांच्या अभ्यासात जंतुनाशक लेप दिलेले महाग धागे आणि क्लोरहेक्सिडिन हे साध्या धाग्यांपेक्षा व आयोडीनपेक्षा चांगले ठरले नव्हते. ज्या जिल्हा रुग्णालयाची खरेदी मोजक्या पैशांत चालते, तिथल्या अधिकाऱ्याने हे दोन्ही निकाल टेबलावर ठेवावेत. महाग धाग्यावरचा खर्च वाचवून हातमोज्यांचा दुसरा जोड घ्यावा.

महाराष्ट्रात रुग्ण कमी नाहीत, हात कमी नाहीत. दरवर्षी शल्यशास्त्राचे शेकडो पदव्युत्तर विद्यार्थी प्रबंध लिहितात. विषय पुन्हा पुन्हा तेच, रुग्ण थोडेसे, आणि पदवी मिळाली की प्रबंध कपाटात. दहा महाविद्यालयांनी ठरवून एकच प्रश्न घेतला, एकाच नमुन्यावर नोंदी केल्या आणि रुग्णांना तीन वर्षे गाठत राहिले, तर मच्छरदाणीच्या जाळीची किंवा जाळीविना शिवणीची परीक्षा इथेच होईल. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून सुरू आहे, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद सक्तीची आहे. त्यासाठी नवे काही उभारायचे नाही.

वाचकांकडेही मागणे आहे. शस्त्रक्रिया सुचवली गेली तर विचारा: ती न केल्यास काय होईल, तुम्ही अशा किती केल्या, दुसरा मार्ग कोणता? आणि वर्षभराने, तब्येत ठणठणीत असली तरी, डॉक्टरांनी बोलावलेल्या तपासणीला जा. परत न आलेल्या रुग्णाचे काय झाले हे कोणत्याही अभ्यासाला सांगता येत नाही.