खोटं सुधारायचं असेल, तर आधी खरं मोजा: डबल लिफ्ट आणि कंट्रोल

घरात पत्त्यांचा कॅट असेल तर घ्या आणि सगळ्यात वरचं पान उलटा. एवढंच. आता सांगा, पान उलटताना उजव्या हाताने ते कुठे धरलं होतं? बाजूला, कोपऱ्यात की मागच्या कडेला? नजर पानावर होती की हातावर?

बहुतेकांना सांगता येत नाही. मलाही आलं नव्हतं. माझी हातचलाखी पकडली गेली ती त्यामुळेच, आणि पुढे पीएचडीतले सहा महिने गेले तेही त्याच कारणाने. संशोधनाच्या तयारीत असाल तर हा किस्सा तुमच्या कामाचा आहे.

डबल लिफ्ट म्हणजे काय?

पत्त्यांच्या जादूतली ही अगदी पायाभूत हातचलाखी. दोन पानं एकच असल्यासारखी उलटायची. समोरच्याला वाटतं, वरचं पान बदामची राणी. खरं तर राणी दुसऱ्या क्रमांकावर असते. दोन्ही पानं परत पालथी केली की वर वेगळंच पान राहतं. ते त्याच्या हातात दिलं की झाली जादू.

कृती अशी: कॅट डाव्या हातात. उजव्या अंगठ्याने मागच्या कडेने वरची दोन पानं किंचित उचलायची आणि त्यांच्याखाली डाव्या करंगळीचं टोक ठेवून बारीक फट धरायची. मग दोन्ही पानं एकत्र धरून पुस्तकाचं पान उलटावं तशी उलटायची.

मी हे रोज शंभर वेळा करायचो. पानं सरकत नव्हती, आवाज येत नव्हता. तरी हॉस्टेलमधला रूममेट दर वेळी म्हणायचा, "दोन घेतलीस ना?" मी आणखी सराव वाढवला. काही फरक नाही.

मग प्रयोग केला

शेवटी एकदा नीट चाचणी घेतली. नाणं उडवायचं, छापा आला तर एक पान उलटायचं, काटा आला तर दोन. असं 20 वेळा, आणि सगळं मोबाईलवर रेकॉर्ड. आवाज बंद करून क्लिप रूममेटला दाखवल्या. एक की दोन, एवढंच त्याने सांगायचं.

त्याची 17 उत्तरं बरोबर आली. नुसत्या अंदाजाने 20 पैकी 15 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता जेमतेम 2 टक्के असते. म्हणजे त्याला खरंच काहीतरी दिसत होतं.

काय दिसतंय विचारलं तर म्हणाला, "एक पान घेताना तू ते बाजूने सहज उचलतोस. दोन घेताना हात मागे जातो आणि क्षणभर थांबतो."

माझी डबल लिफ्ट वाईट नव्हतीच. ती माझ्या *सिंगल*पेक्षा वेगळी होती. लोक चूक पकडत नाहीत, फरक पकडतात. आणि सिंगलचा सराव मी एकदाही केला नव्हता!

उपाय सोपा निघाला. फट आधीच, गप्पा मारता मारता धरून ठेवायची. मग एक पान असो वा दोन, पकड उजव्या खालच्या कोपऱ्यातच, वेग तोच, नजरही तिथेच. दोन आठवड्यांनी हीच चाचणी पुन्हा घेतली, तेव्हा त्याची 11 उत्तरं बरोबर आली. (यावरून "फरक उरलाच नाही" असं सिद्ध होत नाही हं. 20 क्लिपमध्ये तो पकडता आला नाही, एवढंच म्हणता येतं.)

संशोधन काय सांगतं?

डाय व्हर्नन (1894–1992) हे नामवंत जादूगार आयुष्यभर नैसर्गिक हालचालींवर भर देत राहिले. 2011 मध्ये कॅव्हिना-प्रातेसी, गुस्ताव कून आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन'मध्ये यालाच जवळचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगारांना आणि इतरांना वस्तू खरोखर उचलायला आणि उचलल्याचं नुसतं नाटक करायला सांगितलं आणि बोटांच्या हालचाली मोजल्या. इतरांची खोटी पकड खरीपेक्षा वेगळी निघाली. जादूगारांची जवळपास खरीसारखीच. पण गंमत पुढे आहे. खरी वस्तू समोर दिसत असेल तरच जादूगारांना हे जमत होतं. ती समोर नसली की तेही इतरांसारखेच.

म्हणजे मुरलेल्या हातालाही खोटं वठवायला समोर खरं लागतं.

आणि माझे सहा महिने

दुसऱ्या वर्षी मी एका सूचनेचा लक्षावर काय परिणाम होतो ते तपासत होतो. प्रायोगिक गटाला द्यायची सूचना मी घोटून घोटून पाठ केली होती. कंट्रोल गटाला मात्र कागदावरून भराभर वाचून दाखवायचो. फरक झकास आला. सल्लागार समितीच्या बैठकीत एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "हा फरक सूचनेचा, की तुमच्या वाचण्याचा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. 42 जणांचा डेटा बाजूला ठेवावा लागला. त्या रात्री खोलीवर पत्ते हातात घेतले तेव्हा कळलं, मी पुन्हा फक्त 'डबल'चाच सराव केला होता.

म्हणून सिनॉप्सिस लिहिण्याआधी तीन गोष्टी करा. कंट्रोलची कृती प्रयोगाइतकीच सविस्तर लिहून काढा. दोन्हींचा सराव सारखा करा. आणि कोणता गट कोणता हे माहीत नसलेल्या मित्राला दोन्हींचं रेकॉर्डिंग दाखवा. त्याने ओळखलं, तर काय दिसलं ते विचारा. वाईट वाटेल, पण समितीसमोर वाटण्यापेक्षा खोलीवर वाटलेलं बरं.